ब्रशवाली आरसी मोटर : आधी ब्रश बसवायचे की थेट पळवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरसी गाडीची, म्हणजे रिमोटने चालणाऱ्या छोट्या गाडीची, नवी मोटर हातात आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘ब्रेक-इन’ करायचं की नाही? त्याच्यामागून पाण्याचे, सेलचे, ठिणग्यांचे प्रश्न येतात. गेल्या काही वर्षांत मला सतत विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं १:१० मापाच्या गाड्यांत बसणाऱ्या ५४० आणि ५५० या आकारांच्या मोटरी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ब्रेक-इन म्हणजे नेमकं काय करायचं असतं?

मोटरीच्या मागच्या टोकाला तांब्याचा एक छोटा दंडगोल असतो, साधारण पेन्सिलीच्या जाडीचा. तो कम्युटेटर. दोन बाजूंनी दोन ब्रश स्प्रिंगच्या जोराने त्याच्यावर टेकलेले असतात आणि बॅटरीचा सगळा करंट त्यांच्यातूनच आर्मेचरमध्ये, म्हणजे तार गुंडाळलेल्या फिरत्या भागात, जातो. नव्या ब्रशचं तोंड बहुतेक वेळा सपाट असतं, कम्युटेटर मात्र गोल. सपाट फळी गोल खांबाला टेकवली तर ती एका रेषेवरच टेकते. ब्रशचंही तसंच होतं. ज्या करंटसाठी पूर्ण तोंड दिलेलं आहे, तो सगळा त्या बारीक रेषेतून जायला बघतो.

ब्रेक-इन म्हणजे कमी व्होल्टेजवर, ओझं न देता मोटर फिरवत ठेवायची आणि ब्रशचं तोंड हळूहळू झिजून त्याला कम्युटेटरची गोलाई येऊ द्यायची. मी याला ‘ब्रश बसवणं’ म्हणतो, कारण काम तेवढंच आहे. आपल्याकडे नवा पाटा आणला की त्यावर आधी थोडे तांदूळ नि मीठ वाटून ते फेकून देतात. पहिल्या वाटणात दगडाची कच येते, ती जेवणात नको म्हणून. मोटरीची पहिली पूडही अशीच बिनकामाच्या फेरीत निघून गेलेली बरी.

२. हे न करता थेट पळवली तर मोटर जळते का?

लगेच जळत नाही, म्हणून तर ‘मी कधीच करत नाही, काही होत नाही’ असं सांगणारे भेटतात. नुकसान आत होतं आणि हळू होतं. अर्धवट टेकलेला ब्रश उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला ठिणगी पडते. त्या ठिणगीने तांब्याला बारीक खड्डे पडतात. मग खडबडीत झालेला तांब्याचा पृष्ठभाग कानशीसारखा ब्रशला खात राहतो.

मी स्वतः हे एका १९ टर्नच्या (टर्न म्हणजे काय ते प्रश्न ४ मध्ये) मोटरीवर केलेलं आहे. बॉक्समधून काढली, बग्गीत बसवली, पूर्ण चार्ज झालेला बॅटरी पॅक लावला आणि सिमेंटच्या मैदानावर चार-पाच मिनिटं पूर्ण थ्रॉटलवर पळवली. घरी येऊन मागचं झाकण उघडलं. कम्युटेटरचा तांब्याचा दंडगोल तीन पाकळ्यांत कापलेला असतो, त्या तिन्ही पाकळ्यांच्या एकेका कडेवर काळी जळकी पट्टी होती. ब्रशच्या तोंडावर मधोमध एक मिलिमीटरभर चकाकी होती, बाकी तोंड मॅट राखाडी, आणि एका ब्रशचा कोपरा उडालेला. तो कम्युटेटर लेथवर घासून घ्यावा लागला आणि ब्रशची नवी जोडी गेली. वीस मिनिटांच्या कामाचा कंटाळा केला होता.

३. माझ्या किटसोबत चंदेरी रंगाची बंद मोटर आली आहे. तिलाही हे सगळं हवंच का?

नाही. टामिया या जपानी कंपनीच्या बहुतेक किटमध्ये येणारी ही ५४० मोटर, जिला सगळे ‘सिल्व्हर कॅन’ म्हणतात, ती मुळात सौम्य असते. तिचं मागचं झाकण पत्र्याच्या दुमडलेल्या कानांनी बंद केलेलं असतं. बाहेरून ब्रश किंवा स्प्रिंग दिसत नाहीत आणि बदलताही येत नाहीत. करंट कमी घेते, टायमिंग (ब्रश मधल्या जागेपासून कम्युटेटरभोवती किती अंश सरकवलेले आहेत ते) जवळजवळ नसतंच, त्यामुळे ब्रश आपले आपण बसतात.

अशा मोटरीला पहिला पॅक सबुरीने चालवा: अर्धा थ्रॉटल, सपाट जागा, गवत नाही, चढ नाही, एकदम पुढे-मागे नाही. पॅक संपला की मोटर पूर्ण गार होऊ द्या. हौस असेल तर गाडीत बसवण्याआधी प्रश्न ५ प्रमाणे १५ मिनिटं कोरडी फिरवा. फायदा थोडा आहे, पण तोटा काहीच नाही.

४. मग कोणत्या मोटरीला हवंच हवं?

जिच्या मागच्या झाकणावर दोन पितळी घरं, त्यांत ब्रश आणि वर वेटोळ्या स्प्रिंगा उघड्या दिसतात, तिला. ही खोलता येणारी, रेसिंगची मोटर. टर्न जितके कमी तितका तिचा हट्ट मोठा. टर्न म्हणजे आर्मेचरच्या प्रत्येक दात्यावर तारेचे किती वेढे आहेत तो आकडा. २७ टर्नची मोटर शांत असते. १२ टर्नची वेगवान असते आणि करंटही तितकाच ओढते, त्यामुळे न बसलेला ब्रश तिथे लगेच त्रास देतो.

यात आणखी दोन प्रसंग धरा: ब्रशची नवी जोडी घातली तेव्हा, आणि कम्युटेटर लेथवर घासला तेव्हा. घासल्यावर त्याचा व्यास कमी होतो, गोलाई बदलते, आणि आधी बसलेला ब्रशसुद्धा पुन्हा नीट टेकत नाही.

५. घरच्या घरी कसं करायचं? पहिल्यापासून सांगा.

मोटर गाडीतून काढा आणि पिनियनचा, म्हणजे मोटरीच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरचा, ग्रब स्क्रू ढिला करून पिनियनही काढा. मोटर खोलता येणारी असेल तर दोन्ही स्प्रिंगा चिमट्याने उचला आणि ब्रश आपल्या घरात मोकळे सरकतात का ते बघा. अडकणारा ब्रश कितीही वेळ फिरवला तरी बसत नाही. घराच्या आत बारीक धार राहिलेली असते, ती ब्रशला धरून ठेवते. ती आधी काढा.

दोन्ही टोकांच्या बुशला (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्याला) शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब द्या. एकच. जास्तीचं तेल आतल्या बाजूने कम्युटेटरवर उतरतं, कार्बनच्या पुडीत कालवतं आणि तो चिखल तांब्याच्या पाकळ्यांमधल्या फटीत जाऊन बसतो. मोटर नीट चालण्यासाठी ती फट रिकामी राहायला हवी.

मोटर व्हाइसमध्ये आवळू नका. पत्रा दबतो, आणि व्हाइसवर पडलेला लोखंडाचा कीस चुंबकांना चिकटून आत जातो. लाकडाच्या ठोकळ्यावर मोटर ठेवा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून वरून ताणून बांधा. माझ्याकडे असा एक ठोकळा आहे. ५४० च्या व्यासाएवढी, म्हणजे ३६ मिलिमीटरची, अर्धगोल खाच त्यात कोरून घेतली आहे.

आता वीज. दोन पेन्सिल सेलचा होल्डर घ्या, म्हणजे ३ व्होल्ट. साधे स्वस्त सेल लवकर उतरतात, म्हणून अल्कलाइन किंवा चार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरा. चार्जेबल जोडी २.४ व्होल्ट देते, तेवढे पुरतात. व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा पॉवर सप्लाय असेल तर ३ व्होल्टवर ठेवा. मोटरीवरच्या अधिक खुणेला अधिक आणि दुसऱ्या टोकाला उणे जोडा, म्हणजे गाडी पुढे जाताना मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने ब्रश बसतील.

फिरायला लागली की कान द्या. सुरुवातीला आवाजात खरखर असते, मध्येच सूर वर-खाली होतो. पाच मिनिटांनी डब्याला बोट लावा. कोमट लागली तर चालू ठेवा. बोट ठेववत नसेल तर थांबवा, कारण ३ व्होल्टवर बिनओझ्याची मोटर इतकी तापायचं कारण नाही: ब्रश अडकलाय किंवा बुश कोरडं आहे. दहा मिनिटांनी थांबवा, गार करा, ब्रश काढून बघा, आणि लागेल तसं पुन्हा सुरू करा. सगळं झालं की इलेक्ट्रिक मोटरींसाठी मिळणारा क्लीनर आतून मारून पूड धुऊन काढा, सुकू द्या आणि बुशला पुन्हा एकेक थेंब तेल द्या. हा शेवटचा थेंब विसरू नका, क्लीनर आधीचं तेलही धुऊन नेतो.

६. एकूण किती वेळ फिरवायची?

घड्याळ बघून उत्तर देता येत नाही. मऊ ब्रश १०-१५ मिनिटांत बसतात, कडक ब्रश अर्धा तास किंवा जास्तही घेतात. काही ब्रशच्या तोंडावर मुद्दाम खाचा पाडलेल्या असतात. तिथे घासायला माल कमी असल्याने ते लवकर बसतात. तोंड बघून ठरवा (प्रश्न ७). बसल्यावरही फिरवत राहिलात तर तुम्ही फक्त ब्रशचं आयुष्य खर्च करत आहात.

७. ब्रश बसला हे डोळ्यांनी कसं ओळखायचं?

ब्रश बाहेर काढा आणि तोंड उजेडाकडे तिरकं धरा. न बसलेल्या ब्रशवर एक उभी चकचकीत पट्टी दिसते, बाजूला मॅट राखाडी. जसजसा बसतो तशी ती पट्टी रुंद होते. कडेपासून कडेपर्यंत चकाकी आली आणि तोंडाला हलका खोलगटपणा दिसला की काम झालं. तीन-चतुर्थांश भाग चकाकत असेल तरी गाडीत बसवायला हरकत नाही, उरलेलं पहिल्या सबुरीच्या पॅकमध्ये होतं.

चकाकी एकाच कोपऱ्यात येत असेल तर अडचण ब्रशची नाही. पितळी घर तिरकं बसलेलं आहे. त्याचे स्क्रू ढिले करून ते सरळ केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बंद मोटरीत ब्रश दिसत नाही. तिथे आवाज हीच खूण: खरखर जाऊन एकसारखा सूर लागतो. मल्टिमीटर जोडलेला असेल तर करंटचा आकडा नाचायचा थांबतो.

ब्रश परत घालताना तो होता तसाच, त्याच बाजूला आणि त्याच तोंडाने घाला. उलटा घातला तर बसवलेली गोलाई जुळत नाही. मी काढण्याआधी वरच्या कडेला पेनने ठिपका देतो.

८. पाण्यात बुडवून करतात ती पद्धत खरी आहे का?

खरी आहे, जुनी आहे आणि काम करते. ग्लासात पाणी घेतात, मोटर पूर्ण बुडवतात आणि ३ व्होल्टवर फिरवतात. पाण्यामुळे तीन गोष्टी होतात: मोटर गार राहते, पाणी घुसळताना तिच्यावर थोडं ओझं येतं, आणि निघणारी पूड लगेच वाहून जाते. म्हणून ब्रश कोरड्यापेक्षा खूप लवकर बसतात. काही सेकंदांतच पाण्यात राखाडी धुराचे लोट उठलेले दिसतात.

तरीही मी ही पद्धत फक्त खोलता येणाऱ्या मोटरीसाठी आणि घाई असेल तेव्हाच वापरतो. ब्रश यात लवकर झिजतात, थोडं दुर्लक्ष झालं की गरजेपेक्षा जास्त झिजतात. आर्मेचरचा गाभा लोखंडी पत्र्यांचा असतो, त्याला गंज चढतो. आणि बंद मोटरीच्या आतलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत निघालं की नाही हे बघायला वाव नसतो. मागच्या बुशच्या खोबणीत पाणी राहतं आणि महिन्याभराने मोटर किरकिरायला लागते. अशा दोन मोटरी लोकांनी मला आणून दाखवल्या आहेत.

करायचंच असेल तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरा. बोअरचं जड पाणी सुकल्यावर क्षारांचा पांढरा थर सोडतं, आणि मिठाचं पाणी तर अजिबात नको. एका वेळी अर्धा मिनिट, मग ब्रश बघा. बाहेर काढल्यावर मोटर झटका, दोन-तीन मिनिटं हवेत ३ व्होल्टवर फिरवा, क्लीनर मारा, तेल द्या, आणि हे सगळं एका दमात करा. ओली मोटर ‘उद्या बघू’ म्हणून ठेवू नका.

वीज फक्त सेलची. भिंतीच्या प्लगला लावलेला कुठलाही सप्लाय पाण्याच्या ग्लासाजवळ आणायचा नाही. लहान मुलं सोबत असतील तर हे आधी सांगा.

९. पाणी काळं झालं म्हणजे काम झालं का?

नाही. काळं पाणी ब्रश झिजतोय एवढंच सांगतं, बसला की नाही ते सांगत नाही. प्रश्न ७ प्रमाणे तोंड बघा.

१०. मोबाइलच्या चार्जरवर फिरवली तर?

नको. मोटर सुरू होतानाच्या क्षणी चालू असतानापेक्षा कितीतरी पट करंट ओढते. चार्जर तेवढा देऊ शकत नाही आणि स्वतःला बंद करतो. मग मोटर एक हिसका देते, थांबते, पुन्हा हिसका देते, आणि या हिसक्यांत ठिणग्याच जास्त पडतात. शिवाय ५ व्होल्ट सुरुवातीला जरा जास्तच आहेत. दोन सेलचा होल्डर काही रुपयांत मिळतो, तो घ्या.

११. मोटर काढायचा कंटाळा येतो. चाकं हवेत ठेवून रिमोटने थोडा थ्रॉटल दिला तर नाही का चालणार?

चालतं, पण ते ३ व्होल्टसारखं नाही. ब्रशवाल्या मोटरीचा ईएससी (वेग ठरवणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) अर्ध्या थ्रॉटलला अर्धं व्होल्टेज देत नाही. तो बॅटरीचं पूर्ण व्होल्टेजच सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करतो, आणि सरासरी तेवढी कमी होते. म्हणजे ब्रशला मिळणारा प्रत्येक झटका पूर्ण ७.४ व्होल्टचा असतो. सिल्व्हर कॅनला याने फरक पडत नाही. १२-१५ टर्नच्या मोटरीला पडतो, तिच्यासाठी उठून स्क्रू काढा.

गाडीतच करणार असाल तर पाव थ्रॉटलच्या वर जाऊ नका आणि चाकं हवेत समान फिरतात ना ते बघा. एका बाजूचं चाक थांबून दुसरं दुप्पट वेगाने फिरत राहिलं तर डिफरन्शियलवर ताण येतो.

१२. ७.२ व्होल्टचा पॅक थेट लावला, पण मोटर तर रिकामीच फिरतेय. काय बिघडतं?

रिकामी आहे म्हणूनच बिघडतं. ओझं नसल्यामुळे मोटर तिच्या सर्वाधिक फेऱ्यांवर जाते, आणि त्या वेगात न बसलेला ब्रश कम्युटेटरच्या फटीवरून जाताना उडतो. गाडीत पळताना मोटर सहसा एवढ्या वेगाने फिरतही नाही. कमी टर्नच्या मोटरीत तर आर्मेचरच्या तारा बाहेर फेकल्या जाण्याचीही भीती असते. भरलेली दोन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी ८.४ व्होल्ट देते, तीन सेलची १२.६. टेबलावर दोन्ही नकोत.

१३. ब्रशजवळ ठिणग्या दिसतात. घाबरायचं का?

सुरुवातीला ब्रशच्या कडेला बारीक निळसर ठिपके दिसणं नेहमीचं आहे, ब्रश बसतो तसे ते कमी होतात. घाबरायचं ते पिवळ्या-नारिंगी ठिणग्यांना, विशेषतः त्या कम्युटेटरभोवती कडं करून फिरत असतील तर. तेव्हा लगेच वीज तोडा. बहुतेक वेळा फटीत पूड भरलेली असते, स्प्रिंग ढिली पडलेली असते किंवा ब्रश घरात अडकलेला असतो. फट लाकडी टूथपिकने साफ करा. सुई वापरलीत तर तांब्यावर ओरखडा उमटतो.

१४. माझ्या मोटरीचं टायमिंग फिरवता येतं. ब्रेक-इनला ते कुठे ठेवू?

शून्यावर, किंवा मोटर देईल तितकं कमी. टायमिंग वाढवलं की मोटर वेगवान होते पण ठिणग्याही वाढतात, आणि इथे आपल्याला ठिणगी नकोच आहे. ब्रश बसले की हवं तिथे न्या. मागचं झाकण फिरवताना ब्रश कम्युटेटरभोवती फिरतात, त्यांची गोलाई तीच राहते, त्यामुळे केलेलं काम वाया जात नाही.

टायमिंग कायमचं बांधलेलं असेल तर इलाज नाही. अमेरिकेतल्या रोअर या आरसी शर्यतींच्या संस्थेच्या नियमांतल्या २७ टर्नच्या जुन्या स्टॉक मोटरींना २४ अंशांचं टायमिंग कारखान्यातच दिलेलं असे. ती मोटर योग्य दिशेनेच फिरवा आणि व्होल्टेज ३ च्या वर नेऊ नका, एवढं पुरतं.

१५. क्रॉलर आहे, दोन्ही दिशांना सारखाच चालतो. किंवा गाडीत मोटर उलटी फिरते. किंवा दोन मोटरी आहेत. मग?

क्रॉलर म्हणजे दगडांवरून हळू चढणारी गाडी. तिच्या ३५ ते ५५ टर्नच्या मोटरी बहुधा शून्य टायमिंगच्या असतात. अर्धा वेळ सुलट, अर्धा वेळ उलट फिरवा. ब्रश घरात किंचित डुलतो आणि दिशा बदलली की जरा वेगळ्या कोनात टेकतो, म्हणून दोन्हीकडून बसवलेला बरा. क्रॉलरला याची गरज वाटते त्यापेक्षा जास्त आहे: दगडावर अडकून मोटर जवळजवळ थांबते तेव्हा सगळा करंट एकाच जागेतून जातो.

काही गाड्यांत मोटर मुळातच उलट दिशेची असते, ट्रॅक्सस कंपनीची टीआरएक्स-४ हे ओळखीचं उदाहरण. गाडी पुढे जाताना मोटर ज्या दिशेने फिरते ती दिशा आधी बघून ठेवा आणि तिकडेच फिरवा.

टामियाच्या १९८७ च्या क्लॉड बस्टरसारख्या दोन मोटरींच्या गाडीत दोघींना सारखाच वेळ, सारखंच व्होल्टेज द्या, आणि प्रत्येकीची दिशा वेगळी तपासा. एकीचे ब्रश बसलेले आणि दुसरीचे नाहीत, असं झालं तर एक मोटर दुसरीला ओढत राहते.

एक धोका: काही जुन्या मोटरींच्या टोकांवर शॉट्की डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जोडलेला असतो. अशी मोटर उलट जोडलीत तर सगळा करंट डायोडमधून जातो. उलट फिरवण्याआधी तो काढा. टोकांना जोडलेले छोटे चपटे कपॅसिटर मात्र राहू द्या. ते रेडिओतला गोंगाट थांबवायला असतात, ब्रेक-इनच्या आड येत नाहीत.

१६. पॉलिश पेपरने घासून ब्रशला आधीच गोलाई दिली तर वेळ वाचेल ना?

मोठ्या कारखान्यांतल्या मोटरींवर हेच करतात: कम्युटेटरवर पॉलिश पेपरची पट्टी खरखरीत बाजू ब्रशकडे करून गुंडाळायची आणि पुढे-मागे फिरवून ब्रशला आकार द्यायचा. एमरी (धातू घासायचा काळा कागद) तिथे वर्ज्य असते, कारण तिचे कण वीजवाहक असतात आणि तांब्यात रुतून बसतात. पण तिथला कम्युटेटर हातभर असतो. आपल्या पेन्सिलीएवढ्या कम्युटेटरवर कागदाची जाडीच गोलाई बदलून टाकते, आणि शेवटचं बसणं फिरवूनच करावं लागतं. मी करत नाही.

१७. कम्युटेटरवर तपकिरी थर चढलाय. घासून चकचकीत करू का?

करू नका. एकसारखा, फिकट चॉकलेटी थर ही चांगली खूण आहे. तांब्याचा ऑक्साइड, ग्रॅफाइट आणि हवेतली आर्द्रता मिळून हा पातळ थर होतो, आणि ब्रश त्याच्यावर घसरत चालतो. ग्रॅफाइटला गुळगुळीतपणासाठी हवेतलं थोडं पाणी लागतंच. दुसऱ्या महायुद्धात विमानं जास्त उंचीवर जाऊ लागली तेव्हा तिथल्या अतिकोरड्या हवेत जनरेटरचे ब्रश बघता बघता झिजून जात होते, आणि त्यावर उपाय म्हणून ब्रशमध्ये वेगळी द्रव्यं मिसळावी लागली.

काळे डाग, खड्डे किंवा बोटाला लागणारी धार असेल तर गोष्ट वेगळी. ते काम लेथचं आहे.

१८. ब्रेक-इनने गाडीचा वेग वाढतो का?

थोडा, आणि तोही न बसलेल्या ब्रशच्या तुलनेत. तोंड पूर्ण टेकल्याने ब्रशपाशी वाया जाणारं व्होल्टेज कमी होतं आणि बुशमधला अडथळाही जरा मोकळा होतो. पण मोटरीत मुळात नसलेली ताकद यातून येत नाही. खरा फरक दहाव्या-पंधराव्या पॅकला कळतो. तेव्हाही मोटर पहिल्यासारखीच चालत असते आणि कम्युटेटर गुळगुळीत असतो.

१९. ब्रश मिळत नाहीत. मिक्सरचे कार्बन घासून बसवले तर?

हा प्रश्न मला फार येतो, आणि त्यामागची अडचण खरी आहे. मिक्सरचे कार्बन गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे मिळतात, आरसीचे ब्रश कुरिअरने मागवावे लागतात. तरी उत्तर नाहीच. मिक्सर २३० व्होल्टवर चालतो आणि करंट दोन-चार अँपिअरच घेतो. त्याचा कार्बन कडक आणि जास्त रोधाचा असतो. अशा एका ब्रशपाशी साधारण एक व्होल्ट खर्च होतो, दोन ब्रश मिळून दोन. २३० मधून दोन गेले तर काही नाही. ७.२ मधून दोन गेले तर चौथा हिस्सा गेला, आणि तो गेलेला हिस्सा उष्णता होऊन ब्रशच्या घरात उतरतो. आरसीच्या ब्रशमध्ये म्हणूनच तांब्याची भरपूर पूड असते, काहींत चांदीही. ब्रश निम्मा झिजला की बदलायचा असतो. त्यामुळे मोटर घेतानाच एक जादा जोडी मागवून ठेवा.

२०. कपाटात कित्येक वर्षं पडलेली, न वापरलेली मोटर सापडली. थेट लावू?

आधी शाफ्ट हाताने फिरवा. अडखळत फिरणं हे चुंबकांमुळे आहे, ते ठीक. चिकट लागत असेल तर जुनं तेल घट्ट झालेलं आहे: क्लीनर मारा, नवं तेल द्या, मग प्रश्न ५ प्रमाणे फिरवा. तांब्यावर हिरवट डाग असतील तर ब्रश घालण्याआधी ते काढा.

२१. ब्रशलेस मोटरीलाही करायचं का?

नाही. तिच्यात ब्रशच नाहीत.

२२. सगळं नीट केलं, तरी मोटर तापते. ब्रेक-इन चुकलं का?

बहुतेक नाही. माझ्याकडे जळून आलेल्या मोटरींपैकी बऱ्याचशा पिनियनमुळे जळालेल्या होत्या. वेग हवा म्हणून कुणीतरी दोन-तीन दात मोठा पिनियन लावलेला असतो, गाडी गवतात किंवा लाल मातीच्या भुसभुशीत मैदानात चालवली जाते, आणि मोटर सतत ओढत राहते. पाच मिनिटं चालवून गाडी थांबवा आणि मोटरीच्या डब्याला बोट लावा. पाच सेकंद ठेववत नसेल तर पिनियन एक दात लहान लावा आणि पुन्हा पाच मिनिटं चालवा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर ८० अंश सेल्सिअसच्या आत ठेवा. फेराइट चुंबक तापले की कमजोर होतात, मोटर तेवढ्याच कामाला जास्त करंट ओढते आणि आणखी तापते.

पिनियन लहान करूनही आकडा खाली आला नाही तर मागचे दोन्ही बेअरिंग, चाकांचे हब आणि मेश (गिअरचे दात एकमेकांत किती घट्ट बसलेत ते) तपासा: पिनियन आणि तो ज्या मोठ्या गिअरला फिरवतो त्या स्पर गिअरच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून फिरवली तर ती न फाटता, फक्त नागमोडी चुरगळून बाहेर यायला हवी.